पहिल्या पायरीवरची खूण

मी अकरावीत असताना वडिलांची कंबर गेली. मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, उचलायची हमाली करायचे. एका सकाळी रव्यासकट खाली बसले ते पुन्हा त्या कामाला उभे राहिलेच नाहीत. मग आईने एका मेसमध्ये भाकऱ्या थापायचं काम धरलं. घरी आली की वडिलांना, धाकट्या भावाला आणि मला वाढायची आणि म्हणायची, "मी तिकडंच खाल्लंय." मेसमध्ये कामाच्या बायकांना जेवण देतात का, हे मी कधी विचारलं नाही. संशय होता. पण तो खरा निघाला असता तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मानसशास्त्राच्या पुस्तकात तो त्रिकोण भेटला. माणसाच्या गरजा म्हणे पायऱ्यांनी चढतात. तळाला पोट, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान, आणि टोकाला स्वतःच्या अंगचे गुण फुलवणं. खालची पायरी बऱ्यापैकी भरल्याशिवाय वरची सुचत नाही. वाचतानाच मला वाटलं, हे कुणीतरी जेवून उठल्यावर लिहिलंय. पण परीक्षेत संशयाला गुण नसतात. सरांनी यावरच प्रकल्प दिला. वीस घरांत जाऊन प्रश्नावली भरून आणायची. तो नापास झाला की निकाल अडकणार, आणि पुन्हा एक वर्ष मला शिकवत ठेवणं घराला झेपणारं नव्हतं.

मी आमच्याच गल्लीत फिरले. पहिला प्रश्न होता, घरात सगळ्यांना दोन वेळ पोटभर जेवण मिळतं का? वीसच्या वीस घरांची खूण 'होय'वर. त्यात आमचंही घर होतं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "व्हय लिही की. त्यात इचारायचं काय?"

सरांनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, "घरी बसून भरलेस ना हे?" मी नाही म्हटलं. त्यांनी सगळे फॉर्म परत केले आणि सोमवारपर्यंत मुदत दिली. चोरी न करता चोर ठरल्याचा राग आला. पण बसस्टॉपवर उभी राहून पुन्हा बघितलं तर माझाही त्या खुणांवर विश्वास बसेना.

दुसऱ्या खेपेला मी प्रश्न फिरवला. तुमचं राहू द्या, शेजारच्या घराचं सांगा. नाव लिहिणार नाही. मग बायका मोकळ्या झाल्या. पाव्हण्यांपुढे शिरा ठेवून स्वतः कोण नुसता चहा पितं, सिलिंडर संपल्यावर कुणाची चूल कशावर चालते, सगळं आलं. कोपऱ्यावरच्या बाईबद्दल एकजण म्हणाली, "आठवड्यात चार उपास करती. एवढं देव तिच्या देव्हाऱ्यात बी न्हाईत."

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मावशी मात्र अडखळल्या. त्यांचं शेजारचं घर म्हणजे आमचंच. मी म्हटलं, सांगा.

"तुझी आई रोज चार ताटं नळावर घासाय आणती. तीन खरकटी, एक कोरडं, नुसतं लोकांस्नी दिसावं म्हणून. बाईला कोरडं ताट कळत न्हाय व्हय गं?"

"मग तुम्ही कधी बोलला नाही?"

"काय बोलायचं? आमटी जास्त झाली म्हणून वाटी धाडतोय की. ती बी वाटी कधी मोकळी देत न्हाय, चिमटभर साखर तरी घालतीच."

घरी येऊन आईला सांगितलं. ती आधी कुणी सांगितलं एवढंच विचारत राहिली. मी सांगितलं नाही. मग म्हणाली, "आपलं घर घालू नगंस त्यात." मी म्हटलं, मग एकोणीसच घरं होतील, आणि सरांनी आधीच मला खोटारडी ठरवलंय. ती बराच वेळ परात पुसत बसली.

"नाव न्हाई नव्हं?"

"न्हाई."

"मग घाल. पर माझ्यासमोर वाचू नगंस."

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून बाई आल्या होत्या. दोन्ही वेळचे फॉर्म शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, म्हणजे हा सिद्धांत चूक म्हणायचा का? मी म्हटलं, "वीस घरांवरून मी चूक म्हणणार नाही. पण आमच्या गल्लीत पोट रिकामं असताना बायकांनी आधी मान सांभाळला. आणि पहिल्या पायरीबद्दल माणूस सरळ विचारल्यावर खरं सांगेल, यावर माझा विश्वास नाही." बाईंनी सरांकडे पाहिलं, सरांनी फाईलकडे. सरांचा संशय फिटला का, ते मला आजही ठाऊक नाही.

प्रकल्प मंजूर झाला. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. पास झाले. माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं.