फळ्यावरचे केम

गुरुबसप्पा मास्तर सोलापुरात लॅटिन शिकवीत, हे १९३१ सालीही लोकांना सांगून खरे वाटत नसे. हायस्कुलात हुशार मुले संस्कृत घेत, मुसलमानांची मुले फारसी घेत, आणि ज्यांचे काय करावे हे कुणालाच कळत नसे ती लॅटिनकडे पाठवली जात. त्या वर्षी अशीही मुले कमी पडली. वर्गात पाचच जण उरले. हेडमास्तरांनी बजावले होते, "एक जरी गळला तर वर्ग बंद. मग तुम्ही कवायत घ्या." मास्तरांचे पोट पाहता तो कवायतीवरही अन्यायच झाला असता.

अशात त्या पाचांतल्या कुंडलिकची आई बजाबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. केमहून कुंकू आणून ती बाजारात विकत असे.

"मास्तर, ही भाषा कंच्या गावात बोलत्यात?"

"आता कुठंच नाही, बाई. बोलणारे कधीच गेले."

"मग माजं पोरगं बोलणार कुणासंगं? नाव काडा त्याचं."

मास्तरांनी तिला बाकावर बसवले आणि धडा पुढे चालवला. धडा गावांच्या नावांचा होता. रोमला जायचे तर नावाची शेपटी एक, रोममध्ये राहायचे तर दुसरी, रोमहून निघायचे तर तिसरी. मास्तरांनी फळ्यावरचे रोम पुसून तिथे केम बसवले. पोरांनी सूर धरला, "केमाम्, केमाय, केमा."

"आमी बी तसंच म्हणतो की," बजाबाई म्हणाली. "केमला, केमात, केमातनं. शानी हुती म्हणायची ती मानसं."

पुढचा नियम नद्यांचा. लॅटिनात नद्या पुल्लिंगी.

"आमची सीना बी?"

"सीनासुद्धा."

"तिची आमी खणानारळानं वटी भरतो, मास्तर. बाप्याची भरत्यात व्हय?"

मास्तरांनी पुस्तकाकडे पाहिले आणि सीनेपुरता अपवाद जाहीर केला. तक्रार करायला रोमहून कुणी येणार नव्हते.

कुंडलिकचे नाव राहिले. पण बजाबाईने कुंकवाच्या प्रत्येक पुडीबरोबर बातमी फुकट दिली, की केमचे नाव हायस्कुलाच्या फळ्यावर लागले. थोड्याच दिवसांत माळशिरसचे कुणी मानसिंग पुतण्याला लॅटिनला घालायला घेऊन हजर.

"केम हाय आन माळशिरस न्हाय, ह्ये कसं?"

मागोमाग अक्कलकोटची पोरे आली, मग बार्शीची. नवे बाक मागवावे लागले. मास्तरांची कवायत टळली ती कायमची.

ते निवृत्त होईतो वर्ग चालला. फळ्यावर रोमला जागा मिळे ती माळशिरसच्या खाली. मानसिंगांच्या मते तीही जरा वरच होती.