माणशी सव्वा मूठ

आमच्या घरात बोलण्याची वाटणी फार अन्यायाची झाली आहे. मी, ऋतिका आणि तेजस असे तिघं दिवसभर बोलतो आणि आमचे हेमराज दिवसभर ऐकतात. 'हो', 'बरं' आणि 'बघू' या तीन शब्दांवर त्यांचा संसार चालतो. मी धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. रिपोर्ट कधी मिळेल, हे शंभर लोकांना शंभरदा सांगून घरी येते तेव्हा माझं डोकं तापलेलंच असतं. अशा वेळी समोर भांडायलाही तयार नसलेला माणूस असावा, हे काही सुख नाही. पाच वर्षं झाली, मी एकटीच भांडते आणि एकटीच जिंकते.

त्यांचं देवपुरात छोटं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी ते नव्याने भरून देतात. जळकी तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार वळसे मोजत मोजत गुंडाळायची, असं ते काम. एक वळसा इकडचा तिकडे झाला तरी त्यांना चालत नाही. मोजताना बोललं की आकडा चुकतो, म्हणून हा माणूस गप्प राहायला शिकला, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे ते आधीपासूनच तसे असणार.

माझं हे दुसरं लग्न. पहिले यजमान, ईश्वर, काविळीने गेले तेव्हा तेजस आठ महिन्यांचा होता आणि ऋतिका जेमतेम चार वर्षांची. पुढची दोन वर्षं मी दोंडाईच्याला भावाकडे काढली. हेमराज तेव्हा सदतिसाचे होते. शेती नाही, सरकारी नोकरी नाही. आमच्याकडे अशा मुलाला आजकाल कोण मुलगी देतो? दोन पोरांच्या आईलाही मागण्यांची रांग लागली नव्हती. दोन नाइलाज एकत्र आले आणि वैशाखात धुळ्याला नोंदणी पद्धतीने आमचं लग्न झालं. मी हे असं हसत सांगते, पण त्या दिवशी सही करताना माझं लक्ष मुलांकडे होतं. मला नवरा मिळत होता, हे समोर दिसत होतं. मुलांना काय मिळतंय, ते कुणी सांगत नव्हतं.

मुलं त्यांना काका म्हणू लागली. कुणी शिकवलं नाही आणि कुणी बदलायलाही सांगितलं नाही. पहिल्याच महिन्यात एकदा मी ऋतिकासोबत डबा घेऊन दुकानात गेले होते. हेमराज तार गुंडाळत होते, ओठ हलत होते, आकडा ऐंशीच्या पुढे गेला असावा. ऋतिकाने मध्येच विचारलं, "काका, पालीला दात असतात का?" हात थांबला. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "असतात. बारीक." मग सगळी तार मुकाट्याने उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. मी ऋतिकावर डोळे वटारले, तर म्हणाले, "विचारू दे." त्या दिवशी मला हा माणूस थोडा आवडला. पण आवडणं वेगळं आणि भरवसा वेगळा.

तेवढ्यात श्रावण आला आणि श्रावणाबरोबर कानबाई.

आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. त्या दिवशीच्या जेवणाला रोट म्हणतात. रोटाचे गहू आणि हरभऱ्याची डाळ आदल्या दिवशी मोजून घेतात; सगळ्या भाऊबंदांची नावं घेत माणशी सव्वा मूठ. काही घरांत फक्त पुरुषांची मूठ धरतात, हेमराजच्या घरी बायकामुलांचीही धरतात. पण रोट खायचे ते घरच्यांनीच. शेजाऱ्यांना नाही, पाहुण्यांना नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. लहानपणी आमच्याकडे शेजारचा एक पोरगा खेळता खेळता पंगतीत येऊन बसला होता. माझ्या काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं. त्याचं ते तोंड मला अजून आठवतं.

आणि त्या वर्षी, रोटाच्या आठ दिवस आधी, ईश्वरच्या घरून निरोप आला होता. मुलं आता दुसऱ्या घरची झाली, यंदापासून त्यांची मूठ धरणार नाही. तिकडची मूठ बंद झाली होती आणि इकडची मूठ पडेल याचा काही पत्ता नव्हता. माझी लेकरं ना घरची ना घाटची झाली होती.

हेमराजचं गाव एरंडोलजवळ आहे. शुक्रवारी ते म्हणाले, "रविवारी गावी जायचं. कानबाई आहे."

"मुलांचं काय?" मी विचारलं.

"येतील की."

एवढंच. मुलं येतील हे मलाही कळत होतं, त्यांना काय कुलपात ठेवून जाणार होते? पण पुढचं विचारायला माझी जीभ रेटेना. विचारलं आणि ते 'बघू' म्हणाले तर? 'नाही' म्हणाले असते तर मी भांडले असते. 'बघू'शी कसं भांडायचं? शनिवारी सकाळी ते "गावाकडे जाऊन येतो" म्हणून स्कूटर घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. कुणाची तरी मोटार असेल, असं मी समजले. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मी माझ्या अकलेने बंदोबस्त केला. रविवारी सकाळी सहालाच कुकर लावला आणि दोघांना वरणभात तूप घालून खाऊ घातला. वर शिरा. बसमध्ये लाडू. पारोळ्याला गाडी थांबली तिथे दोन-दोन केळी. तेजस म्हणाला, "आई, बस." मी म्हटलं, "खा गपचूप." हेमराज खिडकीशी बसून बघत होते, पण बोलले काही नाहीत. उतरण्याआधी मी दोघांच्या कानात सांगितलं, "कुणीही जेवायला बोलावलं तरी 'भूक नाही' म्हणायचं. ताटाकडे बघायचंसुद्धा नाही." माझ्या लेकरांना पंगतीतून कुणी उठवायच्या आधी मीच त्यांना बसू देणार नव्हते.

घरी वीसेक माणसं जमली होती. सगळ्यांत मोठ्या सुगंधाबाई, हेमराजच्या काकू. त्यांना सगळे अक्का म्हणतात, आणि गहू मोजतात त्याच. कानबाईपुढे आरती झाली. पुरणपोळ्यांची चवड, तांदळाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असा सगळा वास घरभर भरला होता. पानं मांडली. मी मुलांना घेऊन अंगणात तुळशीपाशी उभी राहिले, जसं काही मला तुळशीचं फार पडलं होतं.

आतून अक्कांनी आमच्या अहिराणीत हाक देऊन मुलं कुठे आहेत ते विचारलं. "बठ्ठा बसा! हेमराजनी पोरं कथा शेतस?"

ऋतिका शहाणी मुलगी. दारात जाऊन, मी शिकवलं होतं तसं, स्पष्ट म्हणाली, "आम्हाला भूक नाही."

अक्का कंबरेवर हात ठेवून बाहेर आल्या. "भूक नई? तुमना नावनी मूठ पडेल शे. मंग ती कोन खाई?"

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "कुणाच्या नावाची?"

"या दोन्हीस्ना नावनी. आनखी कोनना?" म्हणत त्यांनी आदल्या दिवशीची हकिकत अंगणातच सांगितली. शनिवारी मोजणी चालू होती. हेमराजच्या घरची पाळी आली आणि अक्कांनी दोन मुठी घातल्या, एक त्यांची, एक माझी. तेव्हा हेमराज पुढे आले आणि म्हणाले, "चार." त्यांचे चुलतभाऊ जीवराम तिथेच होते. ते म्हणाले, "रगतना शेतस का त्या?" वाद बराच झाला म्हणे, पण वाद जीवरामच घालत होते. हेमराज एकच वाक्य बोलले, "चार नई ते मनी बी नको टाकू." आणि स्वतःच्या नावाची मूठ सुपातून काढून बाजूला ठेवली.

कानबाईच्या रोटातून स्वतःचं नाव काढून घेणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांनाच कळेल. भाऊबंदांतून उठून जाणं झालं ते. मग अक्कांनीच चार मुठी घातल्या आणि वरचा पाव-पाव हिस्साही.

हे सगळं मला त्या माणसाने सांगितलं नव्हतं. आणि मी काय केलं होतं? हात दाखवून अवलक्षण. मुलांना नरड्यापर्यंत खाऊ घालून आणलं होतं.

दोघांना पानावर बसवलं. त्या घरची रीत अशी की ज्याच्या नावाची मूठ, त्याने पहिल्या पंगतीला घास खाल्ला पाहिजे, आणि सगळ्यांनी एकदमच सुरुवात करायची. ऋतिकाने पोळीचा तुकडा हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. तेजसने तोंडाजवळ नेला, त्याला उमासा आला, त्याने परत ठेवला. डोळ्यांत पाणी. समोरून जीवराम म्हणाले, "देखा. बाहेरना पोरेस्ना गळाम्हा देवीना घास उतरस नई."

दोन-तीन बायकांनी कानबाईकडे बघून हात जोडले. हेमराजनी भांडून मिळवलेलं मी माझ्या हाताने घालवत होते. मग मी भर पंगतीत बोलले. नवी सून, पहिली कानबाई, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि मी ओरडलेच, "देवीचा काही संबंध नाही! मी त्यांना जेवू घालून आणलंय. वरणभात, शिरा, लाडू, केळी. मला वाटलं, इथे त्यांना कुणी वाढणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हेमराजकडे वळले. आता मला रडू येत होतं आणि म्हणून जास्तच राग आला. "तुम्ही सांगायचं नाही का मला? एक शब्द?"

ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "त्यात सांगायचं काय होतं?"

हे ते मला गप्प करायला म्हणाले नव्हते. त्यांना खरंच सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. घरात चार माणसं आहेत, चार मुठी पडणार. मी उभ्या उभ्या रडले, सगळ्यांसमोर.

अक्का म्हणाल्या, "रडाले काय व्हयनं? पोरेस्ले भूक लागू दे. तवपर्यंत कोनी हात नई लावाना." आणि त्यांनी पोळ्यांवर फडकं झाकलं.

मग हेमराजनी दोघांना उचललं आणि शेजारच्या शाळेच्या पटांगणात नेलं. मी मागोमाग गेले. जो माणूस दुकानात चार-चार तास एका जागेवरून हलत नाही, तो शर्टाच्या बाह्या वर करून पळायला लागला. पुढे हेमराज, मागे दोन पोरं. पकडापकडी झाली, लंगडी झाली. लंगडी घालताना ते दोनदा पडले. तेजस हसून हसून मातीत लोळला. घरात वीस माणसं उपाशी बसली होती आणि हा गडी घामाने भिजून, तोंडातून चकार शब्द न काढता, पोरांना भूक लावत होता.

दोन वाजले. अडीच झाले. तेवढ्यात फाटकातून जीवराम आले. आता हे काय बोलतात म्हणून मी पुढे झाले. जीवरामना साखरेचा त्रास आहे, उपास सोसत नाही, हे मला नंतर कळलं. त्यांनी धोतर वर खोचलं, पटांगणाच्या मध्यावर पायाने एक रेघ ओढली आणि पोरांना म्हणाले, "चला, कबड्डी. बिगी बिगी पळा, मना जीव जाई राहिना."

पोरांना काय, कबड्डीच हवी होती. जीवरामना चौघा-चौघांच्या ताकदीने धरून दोघांनी खाली पाडलं. तीन वाजता तेजस माझ्याकडे धापा टाकत आला आणि म्हणाला, "आई, खूप भूक लागली." हे शब्द ऐकून माझ्याइतकी सुखावलेली आई त्या दिवशी अख्ख्या एरंडोल तालुक्यात नसेल.

पंगत पुन्हा बसली. तेजसने, ऋतिकाने आणि सगळ्यांनी एकदमच पहिला घास खाल्ला. तेजसची दुसरी पोळी जीवरामनीच वाढली. तूप सोडताना हात काही आखडता घेतला नाही. पण मला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. मी हेमराजकडे बघत होते. ते जेवत होते, नेहमीसारखे, खाली मान घालून, गुडघ्याला खरचटलेलं. मला त्या क्षणी इतकं भरून आलं की वाटलं, उठून त्यांच्या पायावर डोकं ठेवावं. ठेवलं नाही. ते संकोचाने पान सोडून पळाले असते. मी देवीसमोर मात्र मनात म्हटलं, बाई, तू मला काय दिलंयस ते मला आज कळलं.

रात्री मुक्काम केला नाही, पाचच्या गाडीने निघालो. अक्कांनी उरलेल्या पोळ्या डब्यात बांधून दिल्या, पौर्णिमेच्या आत चौघांनीच संपवायच्या म्हणून बजावलं. तेजस हेमराजच्या मांडीवर झोपला. ऋतिका माझ्या शेजारी बसून बराच वेळ विचारात होती. पारोळं मागे गेल्यावर तिने विचारलं, "आई, पुढच्या वर्षी घरून जेवून नको ना यायचं?"

मी तिला जवळ ओढलं. पलीकडून हेमराज म्हणाले, "नको."