सुजेभोवतीची रेघ

मांडेकर मॅडमनी पहिल्या भेटीत आधी मला नाव विचारलं नाही. माझा डावा हात ओढून घेतला, सुजलेलं बोट दिव्याखाली धरलं, पांढऱ्या कोटाच्या खिशातून निळं बॉलपेन काढलं आणि लाली जिथं संपत होती तिथून हाताच्या पाठीवर एक रेघ ओढली. मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "हं. आता नाव सांगा." आमच्या कारखान्यात खराब निघालेल्या मालावर अशीच खूण करतात. मला वाटलं, बाईंनी मला पहिल्याच तपासणीत रिजेक्ट केलं.

चाकणच्या ज्या कंपनीत मी मेंटेनन्सला होतो तिथं पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवत. गेटजवळ प्रथमोपचाराची एक खोली होती आणि त्या खोलीत मॅडम. पंचक्रोशीतल्याच शेतकरी घरातल्या. त्यांच्या वडिलांच्या बटाट्याच्या वावरात आता कोणाची तरी गोदामं उभी होती. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. धाकट्या भावाच्या घरी राहायच्या. साहेबलोकांसमोर त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी असे. कामगार समोर बसला की त्याच तोंडातून "व्हय" आणि "न्हाई" सुरू. माझ्याशी पहिली भाषा बोलायच्या. दुसरीत बढती मिळायला मला बरीच वाट बघावी लागली.

तर त्या दिवशी माझ्या अनामिकेत पत्र्याची बारीक कुसळ घुसली होती आणि बोट मुळ्याएवढं झालं होतं. रविवारी माझा साखरपुडा. अंगठी त्याच बोटात जायची. "मॅडम, सूज उतरवायचं एखादं इंजेक्शन द्या," मी गयावया केली.

"सूज काय मी चढवली? तुमच्या बोटानं हाक मारली, माणसं धावत आली. आता आलेल्यांना हाकलून देऊ?"

"कोणती माणसं?" मी विचारलं, आणि माझी जेवणाची सुट्टी त्यातच गेली. कुसळ काढता काढता मॅडम बोलत होत्या. जखमी झालेल्या पेशी गप्प बसत नाहीत, रसायनं सोडतात. त्यानं आसपासच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून लाली आणि ऊब. भिंती सैल होतात, पाणी झिरपतं, म्हणून सूज. आणि त्याच भिंती आतून चिकट होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी. तीच ती धावून येणारी माणसं. "कंपनीची बस गेटावर पुरती थांबायच्या आधी पोरं कशी उतरतात? दांडा धरतात, दोन पावलं गाडीबरोबर पळतात, मग सोडतात. रक्त काही थांबत नाही. पांढऱ्या पेशीलाच भिंतीला धरून, लोळत लोळत वेग कमी करावा लागतो. मग ती फटीतून अंग चोरून बाहेर पडते."

"आणि बाहेर पडल्यावर तिला रस्ता कोण दाखवतं?"

मॅडमनी चिमटा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. हा प्रश्न त्यांना आवडला होता. "कँटीनमध्ये भजी तळत असली तर तुम्हाला पाटी वाचावी लागते का? वास जिकडं दाट, तिकडं पाय वळतात. तिचंही तसंच. रसायन जिकडं दाट, तिकडं ती जाते. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी चुकत नाही. मला तर अजून नवल वाटतं."

मग जखम बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि नेहमीचं वाक्य उच्चारलं, "उद्या दाखवा. लाली रेघेच्या आत असली तर तुमची माणसं जिंकतायत. ओलांडली तर मी तुम्हाला मोठ्या दवाखान्यात धाडणार, साखरपुडा असो नाहीतर लग्न." लाली आतच राहिली. अंगठी मात्र करंगळीत घालावी लागली, आणि फोटोत ती तशीच आहे. बायको अजून पाहुण्यांना तो फोटो दाखवते.

पुढं काही काम नसलं तरी मी त्या खोलीत डोकावू लागलो. कोणी जखमेतला पू बघून तोंड वाकडं केलं की मॅडम रागावत. "नाक मुरडू नगंस. त्ये तुझ्यासाठी आलं, लढलं आन् हितंच मेलं. त्यातलं माघारी कोन बी जात न्हाई." तो गडी बिचारा ओशाळून आपल्याच पुवाकडं बघत बसे. मला हसू येई, पण पुढं कधी मला पू किळसवाणा वाटला नाही, हेही खरं.

एकदा प्रॉडक्शन मॅनेजर स्वतः खोलीत आले. एका कामगाराचं मनगट सुजलं होतं आणि माल त्याच दिवशी रवाना व्हायचा होता. "दुखणं थांबेल असं काहीतरी जोरदार द्या. संध्याकाळपर्यंत चालवू दे मशीन." मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्या लाइनवर बिघाड झाला की लाल दिवा लागतो ना? त्याचा बल्ब काढून ठेवला तर मशीन दुरुस्त होते का?" मॅनेजर वळून माझ्याकडं बघू लागले. मी मेंटेनन्सचा माणूस, मी मान हलवली, होत नाही. कामगार घरी गेला आणि मशीनवर मॅनेजरांनी दुसरा माणूस उभा केला.

पण मॅडम सुजेच्या आंधळ्या भक्त नव्हत्या. त्यांच्या आईचे दोन्ही हात संधिवातानं वाकडे झाले होते. "काटा न्हाई, जंतू न्हाई, तरी हाक चालूच. येणारे येत्यात आन् आपलंच घर पाडत्यात." तोवर मला बढती मिळाली होती. "बोलवणं सोपं असतंय रं शिंदे. जमल्याली माणसं पांगवणं अवघड. ती पांगवणारी रसायनं बी शरीरात हायेत, आता आता उमगाय लागलंय. वाचून दाखवू?" आणि मोबाइलवरचा कुठलासा इंग्रजी लेख गावच्या मराठीत सांगायला सुरुवात. निवृत्तीला आलेली ही बाई परीक्षेला बसल्यासारखी वाचायची.

संध्याकाळी त्यांना न्यायला भाऊ येई, बाळासाहेब. उंचापुरा, मिशीवाला, पंचक्रोशीत दरारा असलेला गडी, पण बहिणीपुढं मऊ. तरी टोमणा मारल्याशिवाय राहत नसे. "आक्का, येक गोळी दे आन् मोकळं कर की मानसाला. रेघोट्या कसल्या मारतीस ल्हान पोरागत?" मॅडम म्हणत, "तुला कळायचं न्हाई, बाळू." मग दोघं गाडीत बसून भांडत भांडत घरी जात.

निवृत्तीनंतर वर्षभरातच मॅडमना रक्ताचा कर्करोग निघाला. मी आकुर्डीला राहत होतो, दवाखाना चिंचवडात. ड्यूटी सुटली की जाऊन येई. औषध असं होतं की रोगाबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही पार झडून जायच्या. मग नव्या उगवेपर्यंत वाट बघायची आणि तेवढ्या दिवसांत जंतूंपासून जपायचं. जपूनही मॅडमना ताप भरला. मास्क लावून आत गेलो तर बाळासाहेब बहिणीचे हात उलटेपालटे करून बघत होते.

"कुटं गळू न्हाई, सूज न्हाई, लाल न्हाई," ते मला म्हणाले. "मंग ताप कशाचा?"

"दिसंल कसं?" मॅडमचा आवाज खोल गेला होता. "जंतू आत आल्यात. हाक बी चाललीया. ऐकायला कोन न्हाई."

डॉक्टरांनी बाळासाहेबांना बाहेर सांगितलं होतं की सलाइनमधून औषधं चालू आहेत, पण खरा भरवसा पेशींचाच. त्या वेळेत परतल्या नाहीत तर कठीण आहे. मॅडमना हे सांगायची गरज नव्हती. मी धीर करून विचारलं, "भीती वाटते का?"

"व्हय, वाटती. जन्मभर लोकं सूज बगून भ्याली, मी सूज न्हाई म्हणून भ्यायलीय."  मग म्हणाल्या, "पण ह्ये आतून बगायला मिळालं, शिंदे. पुस्तकात वाचलं होतं निस्तं." असल्या वेळी हे सुचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. रोज रक्त तपासायला जाई आणि रोज तोच निरोप येई, अजून नाही. बाळासाहेब जिन्यात बसून राहत. एका संध्याकाळी मी गेलो तर ते दारातूनच नर्सला हाका मारत होते. आदल्या दिवशी काढलेल्या सुईच्या जागी मॅडमच्या मनगटावर लाल चट्टा उठला होता, आणि तो ठणकत होता. बाळासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडम मात्र उशीवरून मान उचलून त्या चट्ट्याकडं बघत होत्या.

"आलं," त्या म्हणाल्या. "आलं रं, आलं! शिंदे, पेन काढ."

मी पेन सॅनिटायझरनं पुसून दिलं. त्यांनी ते चट्ट्याच्या कडेला टेकवलं. रेघ वेडीवाकडी आली, दोन ठिकाणी तुटली. तरी पुरी केली. नर्स हे काय चाललंय म्हणून बघत राहिली. मला पेन परत देत मॅडम म्हणाल्या, "आता मी पेशंट. उद्या तुला दाखवती." दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत होती आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी दिसू लागल्या होत्या. बाळासाहेबांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले.

त्या खेपेला मॅडम घरी आल्या. ती दिवाळी त्यांनी गावात केली, तिच्या पुढचीही. अंगणात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गांधीलमाशीच्या डंखांवर, ठेचांवर रेघा ओढायच्या. मग रोग उलटला. या वेळी त्यांनीच दवाखान्याला नको म्हटलं. घरात, आपल्या माणसांत गेल्या.

दशक्रियेला नदीकाठी गेलो. विधी उरकल्यावर बाळासाहेब गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले. डोकं, मिशी उतरवलेली, ओळखू येईनात. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. बाभळीचा काटा मोडून हात सुजला होता, आणि सुजेभोवती निळ्या पेनानं ओढलेली रेघ होती, जाड आणि वाकडी, शेताच्या बांधासारखी.

"बगा जरा," ते म्हणाले. "वलांडलीय का?"

मी हात धरून बघितला. लाली आतच होती. "नाही," मी म्हटलं. "उद्या दाखवा."

"कुनाला?" बाळासाहेबांनी विचारलं.

 त्यांचा हात तसाच धरून मी म्हणालो, "मीच येतो उद्या."