कंदिलाचं वैर

शेषराव गावात कोणालाच आवडत नाही आणि गावही शेषरावाला आवडत नाही, त्यामुळे कोणाचीच कोणाबद्दल तक्रार नाही. पंचाहत्तरी ओलांडली तरी हा माणूस रोज सकाळी सायकल काढतो. वाटेत कोणी राम राम केला तर मान हलवतो, तीही उपकार केल्यासारखी. पालिकेत वायरमन होता तेव्हा ज्याच्याशी बिनसलं त्याच्या दारासमोरच्या खांबावरचा दिवा वर्षानुवर्षं पेटला नाही. बल्ब नाहीत असं ऐकून माणसं बिचारी स्वतःच्या खर्चानं बल्ब आणून देत, तर हा म्हणे, "होल्डर खराब हाय." होल्डर आणला की शिडी मोडलेली असायची. त्याच्या निरोप समारंभात साहेबांनी 'कडक माणूस' एवढंच म्हटलं आणि खाली बसले. त्यांना दुसरं काही सापडलं नसावं.

या सगळ्या कडकपणाचं मूळ मात्र एकाच ठिकाणी होतं. मलकापूरकडे जाणारा मोठा रस्ता आणि बाजारगल्ली जिथं एकमेकांना छेदतात, त्या चौकात ते तारांवर लोंबकळत होतं. गाव त्याला कंदील म्हणायचं आणि चौकाला कंदील चौक.

तो होता सिग्नल, पण आजच्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यावर खांब रोवलेला नाही. त्या वेळच्या नगराध्यक्षांना गावात सिग्नल हवा होता आणि नव्याला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी मुंबईच्या भंगारबाजारातून हा जुना माल उचलून आणला. चौकाच्या मधोमध टांगायची एक लोखंडी पेटी, तिला चार तोंडं आणि तीन मजले. मजल्याला एकच बल्ब. तोच चारी बाजूंना उजेड देणार, म्हणून काचा मोठ्या चलाखीनं बसवलेल्या होत्या. वरच्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन तोंडांना लाल काच आणि उरलेल्या दोघांना हिरवी. खालच्या मजल्यावर बरोबर उलटं, आणि मधला मजला चारी बाजूंना पिवळा. वरचा बल्ब पेटला की एक रस्ता थांबायचा आणि आडवा सुटायचा, खालचा पेटला की अदलाबदल. त्यामुळे एका रस्त्याला लाल वर दिसायचा आणि आडव्या रस्त्याला हिरवा वर. खालचा बल्ब जास्त वेळ पेटता राहायचा, कारण ज्याला हिरवा खाली तो रस्ता मोठा, असं बनवणाऱ्यानं धरलेलं होतं. हे सांगणारा माणूस मात्र पेटीबरोबर आला नव्हता. पेटी आली गोणपाटात गुंडाळून, आणि टांगायचं काम आलं शेषरावाकडे.

त्यानं ती पाव फेरा चुकीची टांगली. हिरवा वर असलेली तोंडं मोठ्या रस्त्याकडे गेली.

मग काय विचारता. कापसाचे ट्रक, एसट्या, मलकापूर स्टेशनला निघालेले टांगे, सगळं मोठ्या रस्त्यावर ताटकळत उभं, आणि बाजारगल्लीतून भाजीच्या गाड्या खुशाल निघताहेत. गल्लीतलं शेवटचं गाढव जाऊन वर एखादी म्हैस रवंथ करत गेली तरी त्यांचा हिरवा संपायचा नाही. इकडे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून आयाबहिणींचा उद्धार करायचे. मोठ्या रस्त्यावर, चौकाच्या तोंडाशीच महादेवरावाचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. दिवसभर धूर, धूळ आणि शिव्या त्याच्या गल्ल्यासमोर. बैलगाडीवाल्या गिऱ्हाइकाला दुकानापुढे गाडी लावायला जागा उरली नाही.

महादेवराव म्हणजे शेषरावाचा शाळेपासूनचा जिवलग. शेषराव मळ्यातून शिकायला यायचा, आणि दुपारची भाकर महादेवच्या मायच्या हातची खायचा. दोन ताटं ती एकाच वेळी वाढायची. पालिकेतली नोकरीही महादेवच्या वडिलांनी शब्द टाकल्यामुळे लागली होती. हे दोघं एकमेकांना आयुष्यात कधी नावानं हाक मारत नसत. 'काय बे' म्हटलं की झालं.

कंदील लागल्यावर आठवड्याभरात, चहाच्या हॉटेलात, सगळ्यांच्या देखत महादेवरावानं त्याला विचारलं, "तुह्या भावाच्या भाजीच्या गाड्या गल्लीतून येतात. त्यायले वाट मोकळी मिळावी म्हून फिरवला काय कंदील?"

शेषरावाच्या भावाच्या गाड्या खरोखरच गल्लीतून येत होत्या. पण शेषरावाच्या ध्यानीमनीही ते नव्हतं. त्याला कंदील समजलाच नव्हता, इतकी साधी गोष्ट होती. आणि ती साधी गोष्ट चारचौघांत सांगायची म्हणजे पालिकेच्या वायरमनला आपलं काम येत नाही हे कबूल करायचं. वरून दोस्तानंच लबाडीचा आळ घेतला, ही आग वेगळी. आपल्याबद्दल हा असा विचार करू शकतो, हेच त्याला झोंबलं. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "हाव, केला. काय करतं?"

झालं. त्या दिवसापासून महादेवराव त्याला 'अहो शेषरावजी' म्हणू लागला. शिवी परवडली असती.

मोठ्या रस्त्याच्या दुकानदारांनी पालिकेत अर्ज केले, बाजारगल्लीनं त्याहून जास्त अंगठे उठवले. गल्लीत मतं जास्त होती, त्यामुळे कंदील तसाच राहिला. मोठा रस्ता शेषरावाला लबाड म्हणू लागला आणि गल्लीनं त्याला डोक्यावर घेतलं. आपल्या माणसानं आपल्या गाड्यांसाठी शेठ लोकांचं नाक खाली केलं, ही गोष्ट गल्लीत पोरांना सांगितली जायची. दसऱ्याला माणसं आपल्या गाड्यांना हार घालतात, तसा गल्लीवाले शिडी लावून कंदिलाला झेंडूचा हार घालायचे. शेषराव खाली उभा राहून शिडी धरायचा. लबाड म्हटलेलं त्याला चालत होतं, कैवारी म्हटलेलंही चालत होतं. फक्त अडाणी म्हटलेलं चाललं नसतं. बल्ब बदलायला तो कितीदा तरी वर चढला, मनात आणलं असतं तर एका दुपारी पेटी सरळ केली असती. पण सरळ करायची म्हणजे ती वाकडी होती हे मान्य करायचं.

खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, तानुबाईला ठाऊक होती.

त्याच वर्षी महादेवची माय गेली. शेषरावाला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही न्हाव्याकडून. त्यानं दाढी अर्धी टाकून सायकल काढली, महादेवच्या दुकानाच्या वळणापर्यंत गेला आणि परत फिरला. बोलावलं नाही, तर कशाला जायचं. महिनाभरानं दुकानासमोरच्या खांबावरचा दिवा गेला. तो पुढं शेषरावाच्या नोकरीभर पेटला नाही.

शेषराव रिटायर झाल्यावर कंदीलही थकला. यंत्र अडकलं, काचा फुटल्या, आत चिमण्यांनी घरं केली. तरी तो लोंबकळत राहिला, कारण उतरवायचा म्हटलं की गल्ली अंगावर यायची. शेवटी यंदा नव्या सिग्नलचे खांब लागले, चौकाच्या चारी कोपऱ्यांना, आकडे उलटे मोजणारे. आता तारा काढाव्याच लागणार होत्या. तेव्हा गल्लीतला भाजीचा अडत्या देवानंद शेषरावाच्या घरी आला.

"काका, कंदील उतरवतील त्या दिवशी आमी तुमचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळं. आमच्या गल्लीसाठी तुमी जे केलं ते नव्या पोरायले समजलं पायजे."

"बरं," शेषराव म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेला तो वर्षातला सगळ्यात गोड शब्द असेल.

देवानंद गेल्यावर तानुबाई चुलीजवळूनच बोलली. "जाऊ नका म्हणत नाई. पण कायचा हार घालून राह्यले ते तं तुमाले माईत हाय."

"तू गप्प राह्य."

"म्या गप्पच हाय. इतकी वर्षं दुसरं काय केलं?"

सत्काराच्या सकाळी चौकात मांडव होता. क्रेननं कंदील खाली आणला आणि मांडवाच्या कडेला जमिनीवर ठेवला. वर असताना तो केवढा तरी वाटायचा. खाली तो धान्याच्या कोठीएवढाच निघाला, गंजलेला, आणि बुडातून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या. शेषरावानं त्याच्याकडे बघितलं नाही. तो खुर्चीवर ताठ बसला, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला.

देवानंदनं माईक धरला. काका कसे शेठ लोकांना भ्याले नाहीत, नोकरीची पर्वा केली नाही, समोरचा जिवलग दोस्त होता तरी त्याचा मुलाहिजा ठेवला नाही, असं सगळं त्यानं सांगितलं. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. शेषरावानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

टाळ्या थांबत होत्या तेवढ्यात मोठ्या रस्त्याच्या बाजूनं महादेवराव काठी टेकत आला. धोतर स्वच्छ, चष्म्याला दोरी. गल्लीतली दोन-तीन माणसं उठून उभी राहिली, पण ती आदरानं उठली नव्हती. महादेवराव कोणाकडे न बघता खुर्चीसमोर येऊन थांबला.

"शेषरावजी," तो म्हणाला, "तुम्ही माझं लय नुकसान केलं. दुकान अर्ध्यावर आलं. पण आता आपले दिवस किती राहिले? मी तुम्हाला माफ केलं."

देवानंदनं घाईघाईनं माईक त्याच्या तोंडापुढे नेला. असा प्रसंग पुन्हा मिळणार नव्हता. कोणीतरी टाळी वाजवली. शेषराव मात्र लाल झाला, अगदी कानापर्यंत. याच्या शिव्या त्यानं पचवल्या होत्या, अर्ज पचवले होते, 'अहो'ही पचवलं होतं. पण याची माफी, तीही हॉटेलातल्यासारखी पुन्हा चारचौघांत, आणि न केलेल्या गोष्टीसाठी? ती त्याच्या घशाखाली उतरेना.

"माफ कायले करतं बे मले?" तो खुर्चीतून उठलाच. "म्या काई केलंच नाई तं माफ कायले करतं?"

"काका," देवानंद म्हणाला.

"तू थांब. ह्याले सांगू दे मले." शेषरावानं नारळानंच कंदिलाकडे दाखवलं. "हे मले समजलंच नव्हतं. कोणाची कोणती बाजू, काईच माईत नव्हतं. पाह्यलं तं एका बाजूले हिरवा वर, एका बाजूले खाली. मले वाटलं, हिरवा वर तो मानाचा. पंगतीत मोठ्या माणसाले वरच्या अंगाले बसवतात तसा. तुह्यं दुकान त्या रस्त्यावर होतं. म्हून मानाची बाजू तिकडं केली."

माईक चालूच होता. हे सगळं चौकभर ऐकू गेलं, पार एसटीच्या थांब्यापर्यंत.

मागच्या रांगेतली एक भाजीवाली हसली. "म्हणजे येडेपणानं झालं होय हे," ती शेजारणीला म्हणाली, आणि मग तीन-चार जणी हसल्या. देवानंदचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन पिढ्या ज्या गोष्टीवर गल्लीनं छाती काढली, ती गोष्ट ह्या म्हाताऱ्यानं माईकवर मोडून टाकली होती. त्यानं माईक बंद केला, चिवड्याच्या प्लेटा वाटायला सांगितल्या आणि स्वतः मांडवाबाहेर जाऊन कोणाला तरी उगाच फोन लावला. माणसं प्लेटा घेऊन पांगली. शेषरावाच्या हातात प्लेट द्यायचं कोणाला सुचलं नाही.

महादेवराव तिथंच उभा होता.

"मंग हॉटेलात 'हाव, केला' काऊन म्हणला?"

"तू चारचौघांत काऊन विचारलं?"

"विचारलं म्हून काय झालं? नाई म्हणायचं होतं."

"तुले विचारावं तरी काऊन वाटलं?"

महादेवराव कंदिलाकडे वळला, हिरव्या काचेचा एक तुकडा वरच्या खिडकीत अजून शाबूत होता तिकडे बघत राहिला. मग शेषरावाकडे न बघताच बोलला.

"माय जाताना तुले बोलावून राह्यली होती. दोन दिवस तेच. शेषाले बलाव, शेषा जेवला काय. म्या बलावलं नाई. म्हटलं, असल्या लबाड माणसाले माह्या मायपाशी येऊ देत नाई."

शेषरावानं हातातला नारळ खुर्चीवर ठेवून दिला.

"आता सांगून राह्यला तू," महादेवराव म्हणाला. "आता ह्याचं काय करू म्या? ठेवायचं होतं ना पोटातच. तू लबाड होता तेच बरं होतं बे."

आणि तो काठी टेकत निघाला. मोठ्या रस्त्याला नवा सिग्नल लाल होता आणि ट्रक थांबलेले होते. त्यांच्यासमोरून तो हळूहळू दुकानात गेला आणि त्यानं आतलं दार लोटून घेतलं.

शेषराव घरी पोचला तेव्हा तानुबाईनं ताट वाढलेलंच होतं. ती त्याच्या आधी बातमी ऐकून बसली होती; माईकचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत आला होता. शाल त्यानं खुंटीला अडकवली आणि पाटावर बसला. बराच वेळ त्यानं भाकर मोडली नाही.

"महादेवभाऊ मंग काय म्हणले?" तिनं विचारलं. "माईक बंद केल्यावर?"

"म्हणला, तू लबाड होता तेच बरं होतं."

तानुबाईनं त्याच्या ताटात भाजी घातली. "आन तुमाले काय वाटते?"

शेषरावानं ताट थोडं पुढे सरकवलं.

"मलेबी तेच वाटून राह्यलं," तो म्हणाला.