कावळे बोलावणारा हमजा

रत्नागिरीचा हमजा सोलकर दोह्यातल्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत झुरळं मारायचा. विश्वचषकाच्या सराव मैदानावर कावळे शोभत नाहीत असं ठरलं, तेव्हा कंपनीने त्याच्या हातात एक लाकडी शिट्टी दिली. त्याने कावळे बोलवायचे, बंदूकवाल्याने टिपायचे. सुरुवातीला गाल फुगवून फुंकलं की शिट्टीतून बदक ओरडायचं. खोलीतल्यांच्या शिव्या खात तो पोटातून गुरगुरत फुंकायला आणि शिट्टीच्या तोंडावरचा पंजा उघडायला-मिटायला शिकला. कावळे विश्वासाने येऊ लागले आणि संपत आले.

पितृपक्षात मैदानाचे इंजिनिअर प्रताप गोखले यांनी त्याला मैदानाजवळच्या अल मुंतझा वस्तीतल्या आपल्या गच्चीवर बोलावलं. वडिलांचं पान वाढलं होतं आणि एकही कावळा फिरकत नव्हता. कावळे हटवायचा आदेश प्रतापरावांचाच होता, पण तो ऑफिसचा विषय.

हमजाने शिट्टी फुंकली. चार-पाच कावळे आले, डोक्यावर घिरट्या घालत कोकलले, पण पानाला शिवेनात.

"बाबा रागावलेत," प्रतापराव हळहळले.

"ते कधी मुकाट्याने जेवले होते?" त्यांच्या पत्नी सरोज म्हणाल्या.

"वहिनी, माझी हाक भांडणाची हाय, ती ऐकून कावळे भांडायलाच येतात," हमजा म्हणाला. "जेवायला बोलवायची कंपनीनं शिकवलीच नाय."

तो खाली उतरून गेला. गच्ची शांत झाली, तसा एक कावळा कठड्यावरून आला आणि वडा उचलून गेला. प्रतापरावांनी डोळे मिटून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला मेल पाठवली: अल मुंतझात अजून कावळे आहेत, हमजाला बंदूकवाल्यासह ताबडतोब पाठवा.