बर्फाचं पुस्तक आणि रामदासभाऊंचे बूट

आमच्या जुन्या ऑफिसातले लोक अजून कुठे लग्नकार्यात भेटले की कुणीतरी हमखास म्हणतं, "सुनंदाबेन, तो मनालीचा किस्सा सांगा ना!" आणि सगळे आधीच हसायला लागतात. एक सांगावा तर त्याला लागून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा. पंगत उठते, किस्से उठत नाहीत. पण खरं सांगू? मला त्यातल्या एकाही किश्शाला हसू येत नाही. रागच येतो. आज तुम्ही विचारलंतच, तर रागासकट ऐका.

नव्वदीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. सुरतला रिंग रोडवर एका कापड मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिस्ट. मालक जसुभाई. त्यांचा भाचा केतन, इंग्रजी शाळेत शिकलेला, म्हणून ऑफिसातला सगळ्यात शहाणा. आणि चहा-पाणी, झाडलोट, टपाल, सामान, सगळं बघणारे रामदासभाऊ. मूळचे पारोळ्याकडचे, लिंबायतला आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. फौजेत होते, नोकरीची निम्मी वर्षं बर्फात काढलेली.

काश्मीर तेव्हा बंदच होतं. पण सुरतच्या साडीवाल्यांना आणि हिरेवाल्यांना बर्फ हवा होता, नुसता बघायला नाही, त्यावर पायाला स्कीइंगच्या लांब पट्ट्या बांधून घसरायलाही! मग औलीला जायचं, की सोलंगला, की कुफरीला? जसुभाईंनी रामदासभाऊंना नोकरीवर घेतलं तेच मुळी हे सांगून, की बर्फाची टूर निघाली की टूर मॅनेजर तूच. पितळेचा बिल्लासुद्धा करून आणला होता. 'टूर मॅनेजर'. तो जसुभाईंच्या ड्रॉवरमध्ये. रामदासभाऊंच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मार्केटमधून नेव्ही ब्लू कापड घेऊन नवऱ्याला कोट शिवला, आणि साऱ्या गल्लीला सांगून मोकळ्या झाल्या.

तीन हिवाळे गेले. कोट खुंटीला आणि बिल्ला ड्रॉवरमध्ये!

*

आता बर्फाची जागा निवडायची कशी, तर पुस्तकातून. जसुभाईंच्या लोखंडी कपाटात तीन गाईडबुकं होती. दोन गोऱ्यांनी लिहिलेली, एक सरकारी. लाल कपड्यात गुंडाळलेली, किल्ली जसुभाईंच्या जानव्याला. स्वतः जसुभाईंनी माउंट अबूच्या पुढचा डोंगर पाहिलेला नव्हता. पण कुणी काही शंका काढली की बोट वर करून म्हणायचे, "चोपडीमां लखेलुं छे!" पुस्तकात लिहिलेलं आहे. संपला विषय.

दिवाळीला बाजारात चोपड्यांची, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची, पूजा होते. आमच्याकडे चोपड्यांच्या शेजारी ही तीन गाईडबुकंही मांडायचे. उघडून, आतल्या पानावर ओल्या कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचा, वर तांदूळ, मग मिटून लाल कपड्यात. मी एकदा म्हटलं, "जसुभाई, पानं खराब होतील." ते म्हणाले, "सुनंदाबेन, लक्ष्मी छे!"

लक्ष्मी असेल. पण ही गोष्ट लक्षात ठेवा.

*

एकदा एक साडीवाले शेठ बायको-मुलांना घेऊन आले. शेठाणींचा साधा प्रश्न होता. मुलांना हातमोजे लागतील का?

केतन पुस्तक उघडून बसला. आधी मागची सूची पाहिली, मग कपड्यांचं प्रकरण, मग हवामानाचा तक्ता. वीस मिनिटं झाली. मुलांनी टेबलावरचं कॅलेंडर फाडलं. रामदासभाऊ चहाचा ट्रे धरून उभे होते. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ताई, पुस्तकले थंडी वाजस का?"

मी फिसकन हसले. केतननं वर बघून विचारलं, "तुला माहितीय का रामदास?"

रामदासभाऊंनी ट्रे खाली ठेवला, डावी चप्पल काढली आणि पाय पुढे केला. दोन बोटं नव्हती. बर्फानं खाल्लेली. म्हणाले, "बेन, मोजे लागतात. हातालापण आणि पायालापण."

शेठाणींनी त्याच क्षणी टूर कॅन्सल केली!

जसुभाई संतापले. कुणावर? वीस मिनिटं पानं उलटणाऱ्यावर नाही. रामदासभाऊंवर! हुकूम निघाला, उद्यापासून ऑफिसात बंद बूट घालायचे. सुरतचा मे महिना, पंखा फक्त जसुभाईंच्या डोक्यावर, आणि हा माणूस दिवसभर जाड काळ्या बुटांत जिने चढतोय-उतरतोय. चपला मात्र रोज पिशवीतून आणायचे. जिन्याखाली काढून ठेवायचे, संध्याकाळी घालून घरी जायचे. मी विचारलं, "भाऊ, राग नाही येत?" तर म्हणाले, "बिल्ला हाती येवू दे ताई, मंग पाहू."

*

दिवाळीचा किस्सा तर फक्त सुरतेतच घडावा. मार्केट बंद दिवाळीला, उघडणार लाभपंचमीला. म्हणजे व्यापाऱ्याला सुट्टी तेवढीच. म्हणजे बर्फसुद्धा तेवढ्या पाच दिवसांतच पडला पाहिजे!

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, डिसेंबर ते मार्च. जसुभाईंनी कॅलेंडर पाहिलं. त्या वर्षी दिवाळी उशिरा, नोव्हेंबरात होती. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी काय बिघडतं? थोडाफार तर पडलाच असेल!"

रामदासभाऊ स्वतःहून बोलले, "शेठ, दिवाळीत तिथे नुसते दगड असतात. उत्तरायण होऊ द्या, पतंग उडवून झाले की न्या लोकांना."

"तू चहा जो," जसुभाई म्हणाले. चहाकडे बघ!

अठ्ठावीस माणसं गेली. पायाच्या पट्ट्या भाड्याने मिळाल्या, हातातल्या काठ्या मिळाल्या, शिकवायला माणूसही मिळाला. बर्फ तेवढा नव्हता. सगळ्यांनी पट्ट्या बांधून सुक्या गवतावर उभं राहून फोटो काढले. परत आल्यावर ते फोटो एका शेठने जसुभाईंच्या टेबलावर पत्त्यांसारखे पिसून टाकले.

जसुभाईंनी एकेक फोटो नीट पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "पुस्तक बरोबर छे. आ वरसे डुंगरच चुकला!"

*

पुढच्या खेपेला केतननं जागा फार अभ्यास करून निवडली. म्हणाला, "गोऱ्यानं लिहिलंय, हा उतार उन्हापासून आडोशाला आहे, म्हणून बर्फ टिकतो." केतन मॅनेजर म्हणून, रामदासभाऊ सामानवाले म्हणून. कोट या खेपेलाही घरीच.

बर्फ खरोखर होता. पण टूरमध्ये निम्मी जैन कुटुंबं. सूर्य मावळल्यावर अन्नपाण्याला शिवायचे नाहीत. आणि आडोसा म्हणजे काय, तर दुपारी साडेतीनलाच सूर्य डोंगरामागे! रामदासभाऊंनी निघण्याआधी मला सांगितलं होतं, "तठे तीन-साडेतीनलेच ऊन जास." मी केतनला सांगितलं. त्यानं विचारलं, "कुठल्या पानावर आहे?"

पहिल्याच दिवशी बरोबरच्या महाराजांनी, म्हणजे आचाऱ्यांनी, दोनला स्टोव्ह पेटवले. डाळ शिजेना. इकडे ऊन सरकतंय, तिकडे कुकर शिट्टी देत नाही. सावली ताटांपर्यंत आली तसा वाद पेटला. सूर्यास्त धरायचा कुठला? इथला की सुरतचा? पंचांग सुरतचं होतं! उपाशी पोरं रडायला लागली. शेवटी सगळ्यात वडीलधाऱ्या काकांनी काठी आपटली.

"सूर्य डोंगरामागे गेलाय, मेलेला नाही. जेवा!"

पाच दिवस हेच. सकाळी नाश्ता, दुपारी दोनदा जेवण, आणि घसरायला वेळच नाही. ज्या माणसाला ते उन्हाचं आधीच माहीत होतं, तो पाचही दिवस भांडी घासत होता. महाराजांना गार पाण्यात हात घालवेना म्हणून!

*

आणि आता मनाली. सगळे हसतात तो किस्सा हाच.

केतननं पुस्तकात पान एकशे त्रेचाळीस काढलं. मनाली, सोलंगचा उतार, नवशिक्यांसाठी उत्तम. पुढे हॉटेलांची यादी. पान उलटून त्यानं यादीतलं एक हॉटेल निवडलं. माल रोडवर, मोठ्या गॅलऱ्या, आणि संध्याकाळी गॅलरीतून देहरादूनचे दिवे दिसतात! हॉटेलला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. केतन म्हणाला, "उत्तर नाही म्हणजे हरकत नाही."

चौतीस माणसं, महाराज, स्टोव्ह, खाकऱ्यांचे डबे, असा लवाजमा मनालीच्या माल रोडवर उतरला. हॉटेल काही सापडेना. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. शेवटी एका बांनी, सत्तरीच्या आजीबाई त्या, चौकातल्या पोलिसाला गाठून विचारलं, "भैया, वो देहरादून की बत्तियाँ किधर से दिखती हैं?"

त्या बिचाऱ्यानं तोंडातली शिट्टी काढली. मग म्हणाला, "माताजी, देहरादून से."

रामदासभाऊंनी सामान खाली ठेवलं आणि बाजारात गेले. फौजेतला एक जुना सोबती तिथे लोकरीचं दुकान चालवत होता. त्याच्या ओळखीनं तासाभरात एक धर्मशाळा मिळाली. गाद्या, गरम पाणी, सगळं. चौतीसही माणसं सुखात राहिली, सोलंगला जाऊन पोटभर घसरली. त्यांना उतारावर उभं राहायला कुणी शिकवलं, तेही रामदासभाऊंनीच.

परत आल्यावर तक्रार झाली, तेव्हा केतननं सांगितलं, "रामदासनं सामानाला उशीर केला, म्हणून हॉटेल गेलं." धडधडीत खोटं! आणि रामदासभाऊ तिथेच कप गोळा करत होते. मला राहवलं नाही. मी कपाटातून ते पुस्तक मागून घेतलं. एकशे त्रेचाळीसनंतर सरळ एकशे सेहेचाळीस! मधली पानं दिवाळीच्या कुंकवानं घट्ट चिकटलेली. किटलीच्या वाफेवर धरून मी ती सोडवली. आत मनाली संपत होती आणि मसुरी सुरू होत होती. उतार मनालीचा आणि हॉटेल मसुरीचं!

मी पुस्तक जसुभाईंपुढे आपटलं. "वाचा!"

त्यांनी सुटलेल्या पानावरून बोट फिरवलं. म्हणाले, "सुनंदाबेन, तमे लक्ष्मीनुं पान उखाड्युं?" लक्ष्मीचं पान उचकटलं म्हणे!

त्या दिवशी मी घरी जाऊन भाकरी थापताना परात फोडायची बाकी ठेवली होती. रामदासभाऊंना मात्र त्या हॉटेलावरून बोलणी ऐकावी लागली नाहीत, हे खरं.

*

त्यानंतर जसुभाईंना एक कल्पना सुचली. आपलंच पुस्तक काढायचं! मला म्हणाले, रामदास सांगेल, तुम्ही लिहा. पुस्तक झालं की त्याचं नाव आणि त्याचा बिल्ला, दोन्ही.

तीन महिने दुपारी आम्ही दोघं बसलो. रामदासभाऊ अहिराणीत सांगायचे, मी लिहून घ्यायचे. कुठला उतार पोरांना बरा, कुठे ऊन किती वाजता जातं, कुठला रस्ता कधी बंद होतो, मोजे किती जोड घ्यायचे. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी कोट पुन्हा इस्त्री करून ठेवला. मुलीला बघायला आलेल्यांना सांगितलं, वडील टूर मॅनेजर होणार आहेत, पुस्तकात नाव येणार आहे.

जसुभाईंनी त्याचं गुजराती करून छापलं. दिवाळीच्या आधी गठ्ठे आले. कव्हरवर केतन, पायात पट्ट्या, खाली पिंजलेला कापूस. फोटो आमच्याच स्टेशन रोडच्या स्टुडिओतला. लेखक, जसुभाई आणि केतन. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं. 'आभार : ऑफिस स्टाफ.'

रामदासभाऊंनी कव्हरवरून हात फिरवला. "कागद चांगला वापरला," म्हणाले, आणि गठ्ठे उचलून आत ठेवायला लागले. मला रडू फुटलं ते रागानं. दिवाळीला पहिली प्रत पूजेत मांडली, आणि लाल कपड्यात गुंडाळून कपाटात गेली.

*

उत्तरायण आठ दिवसांवर असताना एका समाजाच्या मंडळाचे प्रमुख आले. बावन्न माणसं न्यायची होती, म्हातारी आणि लहान मुलं धरून. आमच्या ऑफिसानं एवढी मोठी टूर कधी पाहिली नव्हती. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"औली की सोलंग? तुमच्या पुस्तकाची तारीफ ऐकली म्हणून आलो. पण दिवाळीचे ते फोटोही मी पाहिलेत. ज्यानं पुस्तक लिहिलं, त्यानं माझ्यासमोर सांगायचं. तरच बुकिंग."

जसुभाईंनी केतनकडे पाहिलं. केतननं कॅलेंडरकडे पाहिलं.

"बोला ना," प्रमुख म्हणाले.

माझं टायपिंग थांबलं होतं. रामदासभाऊ दाराशी ट्रे घेऊन उभे. जसुभाईंनी ड्रॉवर उघडला, पितळेचा बिल्ला काढला आणि टेबलाच्या कडेला, रामदासभाऊंच्या बाजूला सरकवला.

"रामदास," ते म्हणाले, "बोल ने भाई."

रामदासभाऊंनी ट्रे ठेवला. प्रमुखांना चहा दिला. जसुभाईंपुढे हात केला, किल्ली घेतली, कपाट उघडून लाल कपड्यातलं नवं पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी जसुभाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"शेठ," ते म्हणाले, "चोपडीमां लखेलुं छे."

मग खाली वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट कपाटाशी नीट जुळवून ठेवले आणि अनवाणीच बाहेर पडले. जिन्याखालून चपलांचा आवाज आला, तो दूर जात गेला.

बिल्ला तिथेच होता. प्रमुख वाट बघत होते. जसुभाईंनी लाल कपडा सोडला आणि पुस्तक उघडायला घेतलं.

पानं चिकटलेली होती.