ठेवलेला शब्द

मी अंजनगाव सोडलं त्या दिवशी आमची अर्धी मंडळी स्टेशनवर आली होती. मंडळी म्हणजे आमच्या कौलारू चर्चमधली माणसं, सगळी मिळून वीसेक घरं. सगळे हसत होते, शिदोरीच्या पुरचुंड्या देत होते आणि एकच गोष्ट टाळत होते. नवे पैसे निघाले त्या वर्षी माझं लग्न झालं. हे अकोल्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. सुट्टी संपली म्हणून ते आधीच परत गेले होते आणि मला पोचवायला बाबा निघाले होते. छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला. मायनं खिडकीतून हात घालून माझी हनुवटी धरली. "काहून रडून राहिली व? अकोला का इलायत हाय?" मी अकोल्यासाठी रडत नव्हते आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशीच्या सभेत सगुणामावशी जे बोलली, त्याच्या भीतीनं मी रडत होते.

मंडळीतल्यांनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे गाव सोडून नागपूर-मुंबईला गेले, त्यांची पोरं हे वाचतील, तर त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सभेत देवानं आपल्याला काही दाखवलं असं कोणाला वाटलं, तर त्यानं उभं राहून ते बोलावं आणि खाली बसावं, अशी रीत होती. त्यावर कोणी आमेन म्हणायचं नाही. बाबा शाळामास्तर आणि मंडळीच्या तीन पंचांपैकी एक. ते फक्त म्हणत, "ठेवला." म्हणजे शब्द बाजूला ठेवला. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर मोडून वाटायचा, रविवार आला की पंच बोलणाऱ्याला घेऊन बसत आणि तो शब्द देवाचा की माणसाचा हे तोलत. तोवर त्यावर चकार शब्द काढायचा नाही. "बोलवनारा देव असन," बाबा म्हणायचे, "पन तोंड तं मानसाचंच हाय." आणि तोलून शब्द माणसाचा निघाला, तर सभेत एकदाच 'सोडला' म्हणायचं. सोडलेल्या शब्दाचं नाव पुन्हा कोणी घ्यायचं नाही, म्हणजे बोलणाऱ्याला लाज वाटत नाही आणि पुढच्या वेळी खरंच काही मिळालं तर त्याची जीभ अडत नाही. मला ही रीत फार आवडायची. दुसऱ्यांच्या बाबतीत होती तोवर.

सगुणामावशी आमच्या शेजारची विधवा. तिला दान आहे, म्हणजे देव तिला दाखवतो, असं सगळे मानत, मीही मानत होते. ती उगाच कधी उभी राहत नसे. त्या संध्याकाळी ती उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज चिरकला. "चालली त्या लेकीच्या घरात मले पाळना दिसून राहिला. पाळना रिकामा हाय." एवढंच. बाबा माझे बाप होते. तरी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ठेवला."

दुसऱ्या दिवशी गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. बाबांनी मला रस्ताभर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं दाखवली, कोणत्या गावाचा बाजार कधी भरतो ते सांगितलं, मूर्तिजापूरला केळी घेऊन दिली. त्या शब्दाबद्दल एक अक्षर नाही. ठेवलेला शब्द उचलायचा नसतो. प्रभुभोजनाला अजून दोन आठवडे होते आणि मी तर चालले होते.

अकोल्याचं आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की हे सायकल काढत आणि मी दिवसभर एकटी. शेजारणी माझ्या 'मले-तुले'ला हसत नसत, त्याही तसंच बोलत. अकोला काही पुणं नव्हे. स्टोव्ह पेटवायला शिकले, नळाच्या रांगेत भांडायला शिकले. पण कोणाच्या घरात पाळणा हलताना दिसला की मी मान फिरवून पुढे जायची. यांना मी काही सांगितलं नाही. न तोललेला शब्द परक्या गावात नेऊन सांगायचा कसा? आणि सांगितला तर तो खराच होईल, अशी एक वेडी भीतीही होती.

पहिल्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. माय आली. तिनं मला डिंकाचे लाडू खाऊ घातले, डोक्याला तेल लावलं, पंधरा दिवस राहिली. मी रोज वाट बघायची, ही आज बोलेल. तोलला का शब्द? काय निघालं? माय बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही दोघी कांदे निवडायचो. ती बोलत नाही म्हणजे शब्द खरा निघाला, असा मी अर्थ लावला. सोडला असता तर माय तरी मला सांगून गेली असती, असं वाटलं.

अकोल्याची प्रार्थनासभा आमच्यासारखी नव्हती. तिथे ढोलकी, टाळ्या, मोठा आवाज. पुन्हा दिवस गेले आणि मला सातवा लागला त्या सुमारास बाहेरून एक उपदेशक आले. उंच, गोरेपान, आवाज असा की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं. अंगात आत्मा आला की ते अन्य भाषेत, कोणाला न कळणाऱ्या, बोलू लागत आणि लोकांचे डोळे भरून येत. माझेही आले, उगाच खोटं कशाला बोलू. तिसऱ्या सभेत त्यांनी माझ्याकडे बोट केलं. या बहिणीला देव मुलगा देत आहे, तिनं संशय धरू नये, डॉक्टरच्या दारात विश्वास शोधू नये. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळी खोली आमेन म्हणाली. हेही म्हणाले, सगळ्यांत मोठ्यानं. तिथे 'ठेवला' म्हणणारं कोणी नव्हतं.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! एका शब्दानं पाळणा रिकामा केला होता, दुसऱ्यानं तो भरला. आता माझं काम एवढंच, की या दुसऱ्या शब्दाला घट्ट धरायचं. महिना उलटला तशी पावलं सुजू लागली. बांगड्या मनगटात रुतल्या, डोकं दुखे, डोळ्यांपुढे काजवे चमकत. शेजारीण म्हणाली, लेडी हॉस्पिटलात जा. मी गेले नाही. मनात हिशेब पक्का होता: गेले तर चांगल्या शब्दावर संशय धरला असं होईल, मग तो गळून पडेल आणि उरेल तो सगुणामावशीचा. बाळ वाचावं म्हणूनच मी डॉक्टरकडे जात नव्हते. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटत होतं.

बाळंतपणासाठी मला माहेरी न्यायला माय आली. माझे पाय बघून तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "ऊठ. दवाखान्यात चाल."

"नाई," मी म्हणाले. "देवानं सांगतलं हाय."

"देवानं तुले पाय सुजवून बस म्हनून सांगतलं?"

मग माझा बांध फुटला. मी ओरडले, "मंग त्या पाळन्याचं काय?"

मायनं माझ्याकडे बघितलं. "कोनता पाळना?"

तिला खरंच आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. मग तिला आठवलं आणि तिनं पिशवी खाली ठेवली. "माय व, तो तं सोडला होता. त्याच परभूभोजनाले सोडला. तू तेच घेऊन बसली इतके दिस?"

सोडला होता. आणि सोडलेल्या शब्दाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लाडू खाऊ घालतानाही माय बोलली नव्हती. वीस घरांच्या मंडळीला शब्द सोडला हे माहीत होतं. ज्या एकटीवर तो पडला होता ती सोडून. रीत घालून देताना कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं, की शब्द ज्याच्याबद्दल आहे तो माणूस तोलायच्या आधी गाव सोडून जाईल. आमच्याकडे तेव्हा पोरीसुद्धा मंडळीतच दिल्या जात, कोणी गाव सोडतच नसे.

पण मी मायवर विश्वास ठेवला नाही. आई आहे, पोटच्या पोरीला धीर द्यायला काहीही सांगेल, असं मला वाटलं. मायनं वाद घातला नाही. यांना मला एकटं न सोडायला बजावलं आणि पुढच्या गाडीनं अंजनगावला गेली. परत आली तेव्हा तिच्यासोबत सगुणामावशी होती.

तिला दारात बघितलं आणि मी मागे सरले. मला वाटलं, ही आता दुसरं काही बघायला आली. मी पदरानं पोट झाकलं. मावशीला ते दिसलं. ती आत आलीच नाही, उंबऱ्याबाहेर खाली बसली.

"सुमे," ती म्हणाली, "तो पाळना माहा होता."

मी पोटावरचा पदर तसाच धरून ठेवला.

"तुह्या बापानं मले पंचाईपुढे एकच गोठ इचारली. बाई, पाळना कसा होता तो? म्या सांगतलं, सागाचा होता, एका अंगाची दोरी तुटली होती त्याले लुगड्याचा काठ बांधला होता. सांगता सांगता मलेच समजलं. तो काठ म्याच बांधला होता. माही चंपा गेली त्या सालचा पाळना तो. तुह्या अंगाले हळद पायली अन् माह्या मनात माही लेक उठली. म्या समजली देव दाखवून राहिला." तिनं नाक पुसलं. "तवाच येऊन सांगाले पायजे होतं मले. पन सोडलेल्या शब्दाले कोनी हात लावत नाई. मले वाटलं, तुले कोनी ना कोनी सांगतलंच असन."

चंपा मावशीची एकुलती एक मुलगी, माझ्या जन्माच्या आधी तापानं गेलेली. इतकी वर्षं मी मावशीला दानाची बाई म्हणून ओळखत होते. तिच्या घरात कधी पाळणा होता हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी उठले आणि तिचा हात धरून तिला आत आणलं. मग मायला म्हणाले, चल दवाखान्यात.

टांगा आणायला हे निघाले आणि दारातच अडखळले. "मग तो 'मुलगा होईल' शब्द, त्याचं काय? आपण संशय धरतोय असं नाही होणार?" यांचाही दोष नव्हता, यांनी तो शब्द उराशी धरला होता. माय म्हणाली, "जावई, तो शब्द आमच्या गावचा नाई. तो तुमीच तोला. पन टांगा आधी आना."

लेडी डॉक्टरनं माझं ब्लडप्रेशर घेतलं आणि सगळ्यांना असं झापलं की मावशीसुद्धा खाली मान घालून उभी राहिली. अजून थोडे दिवस गेले असते तर दोघंही हाती लागली नसती, म्हणाली. मला तिथेच ठेवून घेतलं. अळणी जेवण, पडदे ओढलेली खोली, आणि ऊठसूट पोटावर नळी लावून ठोके ऐकणारी नर्स. ती ऐकायची तेवढा वेळ मी श्वास घेत नसे. मावशी खाटेशी बसून असायची. ती प्रार्थना करायची, पण मनात, तोंडातून आवाज न काढता.

मुलगी झाली. लहानशी, जरा निळसर. रडायला वेळ लावला तेवढ्या वेळात मी म्हातारी झाले. मग रडली. रिकामा पाळणा नाही आणि मुलगाही नाही.

अकोल्याच्या पुढच्या सभेत हे उभे राहिले. आमच्या बाबतीत बोललेला शब्द तोलायचा कोणी, असं त्यांनी विचारलं. उपदेशक तर केव्हाच गेले होते, त्यांच्या सभा अमरावतीला सुरू झाल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, मुलगा पुढच्या खेपेला होईल. हे घरी आले आणि मुलीला मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "तुमच्याकडे ते 'ठेवला' म्हणतात ना, ते मला नीट समजावून सांग."

अंजनगावात मात्र बाबांनी रीत बदलली. आता शब्द सोडला आणि तो ज्याच्याबद्दल आहे तो माणूस गावात नसला, तर पंचांपैकी एकानं स्वतः जाऊन सांगायचं. बाबा गुडघे धरत चालतात, तरी जातात. मागे गावातून बाळापूरला गेलेल्या एका शिंप्याकडे गेले होते. "तुह्याबद्दल जे बोललं गेलं ते काही खरं नाई," असं त्यांनी सांगितलं. शिंपी म्हणाला, "मास्तर, काय बोललं गेलं होतं?" तो साफ विसरला होता. बाबा चहा पिऊन परत आले आणि हे सांगताना पोट धरून हसले. मी हसले नाही. शिंपी विसरला, मी विसरले नसते.

माझी मुलगी आता शाळेत जाते. सभेत कोणी तिच्याकडे बघत उभं राहिलं तर मी अजून तिला पदराआड ओढते. ती भीती काही गेली नाही आणि जाईल असं वाटत नाही. तुम्ही विचारता, अकोला आता घर झालं का? मला घर म्हणजे अंजनगावच वाटत आलं, कारण माझ्यावर पडलेला शब्द परत घ्यायला तिथून एक म्हातारी गाडीत बसून आली. अकोल्यात माझ्यासाठी तसं कोणी निघेल का, हे मला सांगता येत नाही.

पण मागच्या महिन्यात आमच्या इथल्या सभेत एका सुनेबद्दल वाईट शब्द बोलला गेला. तिच्यात दुष्ट आत्मा आहे म्हणे, म्हणून घरात आजारपण आहे. खोलीभर आमेन झालं. पोरगी पांढरीफटक पडली आणि दुसऱ्याच दिवशी हिवरखेडला माहेरी निघून गेली. मी आणि हे मिळून चार माणसं जमवली, बोलणाऱ्याला बसवलं आणि बाबा विचारायचे तसं एकेक विचारत गेलो. शब्द टिकला नाही. "जाऊ द्या, झालं गेलं," एक जण म्हणाले.

मी घरी जाऊन चपला घातल्या आणि हिवरखेडची बस पकडली.